गळत होता सील, बदलली क्लच प्लेट

गाडी २००६ सालची होंडा सिटी झेडएक्स. तक्रार एवढीच, की सकाळी पहिला गिअर अडतो, रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतो आणि पेडल दोन-तीनदा मारलं की गिअर पडतो. पुण्यातल्या एका गॅरेजने बॉनेटही न उघडता निकाल दिला: ‘प्लेट गेली, पूर्ण सेट टाकावा लागेल.’ मालकाच्या हातात पाच आकडी बिल पडलं. त्यात क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हील लेथवर घासणे, गिअर ऑइल आणि गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची मजुरी. सगळ्यात खाली, दोनशे रुपयांच्या आतली एक ओळ: ‘क्लच ऑइल, हवा काढणे’.

गाडी सुधारली ती या शेवटच्या ओळीमुळे. महिनाभरात पेडल पुन्हा खाली बसू लागलं, तेव्हा त्याच गॅरेजने ‘आता मास्टर सिलिंडर गेला’ म्हणून वेगळा खर्च सांगितला. पेडल दाबलं की वरचा मास्टर सिलिंडर ऑइल ढकलतो आणि त्या दाबाने खालचा स्लेव्ह सिलिंडर क्लच सोडवतो. दुसऱ्या मेकॅनिकने या खालच्या, म्हणजे स्लेव्ह सिलिंडरचं रबरी बूट (टोकावरचं आवरण) बोटाने मागे सरकवलं. आतून ऑइल ओघळलं आणि बुटात काळा गाळ साचलेला दिसला. असा गाळ महिन्याभरात जमत नाही. सिलिंडरमधला रबरी सील पहिल्या दिवसापासून गळत होता.

अशी फसवणूक सहज पचते, कारण बहुतेक गाडीमालक दोन उलट बिघाडांची गल्लत करतात. प्लेट झिजली की क्लच घसरतो. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडतं, वेग वाढत नाही, जळका वास येतो. गिअर मात्र व्यवस्थित पडतात. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाच्या बिघाडात नेमकं उलटं होतं: गाडी मस्त ओढते, पण पेडल पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही, म्हणून गिअर अडतात. इंजिन बंद करून पाहा. बंद गाडीत सगळे गिअर लोण्यासारखे पडत असतील आणि चालू गाडीत अडत असतील, तर क्लच सुटत नाहीये. त्यातून पेडल पंप केल्यावर फरक पडत असेल, तर दोष ऑइलच्या बाजूला आहे हे जवळजवळ नक्की. फोर्क (क्लच सोडवणारी आतली दांडी) वाकला, प्रेशर प्लेटची बोटं तुटली किंवा प्लेट शाफ्टच्या दात्यांवर गंजून अडकली, तरी गिअर अडतात. पण तिथे कितीही पंप केलं तरी काही फरक पडत नाही.

(मारुती ८००, जुनी अल्टो, वॅगन आर यांना केबलचा क्लच आहे. तिथे कुणी ‘क्लच ऑइल टाकलं’ असं बिल दिलं, तर त्याला बाटली कुठे ओतली ते दाखवायला सांगा.)

गिअरबॉक्स खाली घेण्याआधी एक मोजमाप व्हायलाच हवं, आणि ते पाच मिनिटांत होतं. सिटी, क्वालिस, इनोव्हा अशा गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या बाहेर दोन बोल्टांवर बसतो. एकाने पेडल तळापर्यंत दाबायचं, दुसऱ्याने स्टीलची पट्टी लावून पुशरॉड (सिलिंडरमधून बाहेर सरकणारी दांडी) किती सरकतो ते बघायचं. साधारण १० ते १५ मिमी सरकायला हवा. नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. चार-पाच मिमीच सरकत असेल, तर दोष सिलिंडर, पाइप किंवा अडकलेल्या हवेत आहे, आणि गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. पुशरॉड पूर्ण सरकूनही गिअर अडत असेल, तेव्हाच आत बघण्यात अर्थ आहे. हे मोजून दाखवायला जो मेकॅनिक टाळाटाळ करेल, त्याच्याकडून गाडी परत घ्यावी.

मग वरचा सिलिंडर की खालचा? खालचा गळत असेल तर बुटात ओल सापडते. मास्टर मागून गळत असेल तर ऑइल केबिनमध्ये, पेडलच्या दांड्यावर उतरतं; पायाखालचं कार्पेट चिकट होतं. ओल कसली आहे याची शंका असेल तर बोटावर घेऊन पाण्याखाली धरा. क्लचमध्ये असतं ते ब्रेक ऑइलच, ते धुऊन जातं. इंजिन ऑइल तसंच राहतं. तिसरा प्रकार फसवा आहे. कुठेच ओल नाही, क्लच ऑइलच्या डब्यातली पातळी जागच्या जागी, तरीही सिग्नलला पेडल दाबून धरलं की अर्ध्या मिनिटात गाडी हळूच पुढे सरकू लागते. इथे मास्टरमधला सील आतल्या आत ऑइल मागे सोडतो. खात्री करायची तर स्लेव्हजवळचा रबरी होज (नळी) गोल जबड्याच्या क्लॅम्पने दाबावा, पकडीने नव्हे. पेडल दगडासारखं घट्ट झालं तर दोष खाली. तसंच मऊ राहिलं तर वर, किंवा होज फुगतोय. फुगणारा होज पेडल मारताना मुठीत धरला की कळतो.

हायड्रॉलिकमुळे क्लच घसरतो असं क्वचितच होतं. मास्टरच्या पुशरॉडला (पेडलकडून येणाऱ्या दांडीला) थोडीही ढील ठेवली नसेल, तर पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल डब्यात परतायचं भोक बंद राहतं आणि क्लच कायम अर्धवट दाबलेला राहतो. नवा मास्टर बसवल्यानंतर लगेच क्लच घसरू लागला, तर आधी ही ढील तपासावी. चांगली प्लेट यात महिन्याभरात जळते.

दुरुस्ती तशी साधी आहे. सिलिंडर उघडून बोअरमधून, म्हणजे आतल्या भिंतीवरून नख फिरवायचं. गुळगुळीत असेल तर रबर किट पुरतं, त्याला काही शे रुपये लागतात. खड्डे किंवा गंज लागला, तर पूर्ण सिलिंडर नवा घ्यावा. खडबडीत बोअरमध्ये नवं रबर टिकत नाही. ‘पॉलिश पेपर मारून देतो’ हे ऐकू नये. रबर बसवताना ताजं ब्रेक ऑइलच लावायचं, साधं ग्रीस नाही. एक सिलिंडर गेला की दुसऱ्याचं रबरही तितकंच जुनं असतं, म्हणून दोन्ही एकदम केलेलं बरं. आम्ही हा सल्ला खर्च वाढवणारा असूनही देतो.

ऑइल डब्याच्या झाकणावर लिहिलं असेल तेच, डॉट ३ किंवा डॉट ४ (ब्रेक ऑइलचे दर्जे), सीलबंद बाटलीतलं. ते हवेतलं पाणी शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावं. गॅरेजच्या कोपऱ्यातल्या उघड्या बाटलीतलं नको. इंजिन किंवा स्टीअरिंगचं ऑइल कुणी ओतलं, तर रबर फुगतात आणि दोन्ही सिलिंडर, होजसकट, कामातून जातात. हवा काढताना स्लेव्हच्या निपलला (हवा सोडायच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक थोडं ऑइल घेतलेल्या बाटलीत बुडवायचं. मग पेडल दाबा, धरा, निपल उघडा, बंद करा, पेडल सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच, आणि डबा मध्ये कधीही रिकामा होऊ द्यायचा नाही. पाव लिटर ऑइल सहसा पुरतं. तरी पेडल मऊच राहिलं, तर स्लेव्हचा पिस्टन हाताने सावकाश पूर्ण आत दाबावा. अडकलेली हवा वरच्या डब्यातून निघून जाते.

फोर्ड फिगो-फिएस्टाची गोष्ट वेगळी. तिथे स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती असतो. तो गळला तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि तेवढ्यात प्लेटही बदलणं शहाणपणाचं. या गाड्यांत लबाडी उलट बाजूने होते: प्लेट-प्रेशर प्लेट नवी, सिलिंडर जुनाच, आणि बिल पूर्ण सेटचं. त्यामुळे जुना सिलिंडर परत मागा.

जुने भाग सगळ्याच कामात मागावेत, पण डोळे उघडे ठेवून. ‘बघा, तुमची प्लेट कशी जळलीय’ म्हणून दुसऱ्याच गाडीची काळी प्लेट दाखवतात. नवी आणि जुनी प्लेट एकावर एक ठेवा: व्यास आणि मधले दाते जुळले नाहीत तर ती तुमची नाही. जुळली तर रिव्हेटकडे, म्हणजे अस्तर धरून ठेवणाऱ्या खिळ्यांकडे बघा. रिव्हेटची डोकी अस्तराच्या पृष्ठभागाखाली चांगली खोल असतील, अस्तर तेलकट नसेल, काचेसारखं चकचकीत झालं नसेल, तर त्या प्लेटचं आयुष्य शिल्लक होतं.

काम सुरू करण्याआधी तक्रार जॉब कार्डवर (गॅरेजच्या कामाच्या नोंदपत्रावर) तुमच्या शब्दांत लिहून घ्या: ‘चालू इंजिनवर गिअर अडतो, पंप केल्यावर पडतो, क्लच घसरत नाही.’ ‘क्लच प्रॉब्लेम’ एवढंच लिहिलं तर पुढे काहीही बदलता येतं. बिलात प्रत्येक भागाचा क्रमांक हवा. बिल देण्यास नकार देणं हीच ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. भांडण झालं तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे शुल्क नाही. सोबत जॉब कार्ड, बिल, पट्टी लावलेल्या पुशरॉडचा व्हिडिओ आणि दुसऱ्या मेकॅनिकचं लेखी मत जोडावं.