डिसेंबरच्या हरणांसाठी काय पेरायचं: सलगम, राय की सोयाबीन?

आपल्याकडे रोही आणि रानडुक्कर शेतात घुसू नये म्हणून रात्रभर जागल करतात आणि आम्ही इथे ओहायोत हरणांनी यावं म्हणून पेरतोय, गावी सांगितलं तर काका फोनवर नुसते हसतच सुटले. असो. नोव्हेंबरच्या मध्यात माजावर आलेले नर धड खात नाहीत, पार खंगतात, मग थंडी कडक झाली की जिथे ताकदीचं खाणं शिल्लक असेल तिथे येतात, आणि गन सीझनही (बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा हंगाम) तेव्हाच असतो. त्यामुळे बियाण्याच्या पिशवीवरचा शिंगांचा फोटो विसरा, आधी जागा किती आणि आज तारीख काय ते बघा.

ऑगस्टचा मध्य उलटला नसेल तर सलगम. जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत पेरायचं, बी मोहरीएवढं, एकरी पाचेक पाउंड पुरे, फोकायचं आणि वरून रोलर फिरवायचा, खोल गेलं की उगवत नाही. युरिया मात्र मागतं. पाला दहिवर पडल्यावरच गोड होतो. माझ्याकडे पहिल्या वर्षी थँक्सगिव्हिंगपर्यंत (नोव्हेंबरअखेरचा इथला सण) एका हरणानं तोंड लावलं नव्हतं, पैसे बुडाले म्हणून गप्प बसलो. जानेवारीत गेलो तर बर्फ खुरांनी उकरलेला, गड्डे अर्धे जमिनीत आणि अर्धे कुरतडलेले, वर खालच्या दातांच्या पन्हाळ्या पडलेल्या (हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे खरवडल्यासारखं दिसतं). सोबत मुळा टाकला असेल तर तो कडक थंडीत मरून सडतो आणि मग जो वास सुटतो तो आपल्या घरातल्या मुळ्याच्या भाजीच्या दसपट. एकाच जागी दोन वर्षांपेक्षा जास्त सलगम नको, रोग धरतो.

सप्टेंबर उजाडला, ट्रॅक्टर नाही, जमीन थोडी आंबट आहे? मग राय (मोहरी नव्हे, गव्हासारखं धान्य), डोळे झाकून. पण पिशवी नीट वाचा, धान्यवाली राय पाहिजे, रायग्रास हे वेगळंच गवत आहे आणि दुकानात हमखास गोंधळ होतो. नुसतीच पेरायची तर एकरी शंभर पाउंडाच्या आसपास, पावसाच्या आदल्या दिवशी फोकली तरी येते, ऑक्टोबरच्या सुरुवातीलाही चालते आणि हिवाळाभर हिरवी राहते. कमी काय तर पोट भरतं पण ताकद कमी, बर्फ जाड पडला तर हरणं सोयाबीनवाल्या शेजाऱ्याकडे निघून जातात. गहूही चालतो, फक्त गव्हाला लागणाऱ्या हेशियन माशीमुळे उत्तर ओहायोत २२ सप्टेंबरनंतर आणि अगदी दक्षिणेला ५ ऑक्टोबरनंतर पेरतात. ओट्स ऑक्टोबरमध्ये फार आवडीनं खातात पण कडक थंडीत मरतात, म्हणजे धनुष्यवाल्यांच्या कामाचे, डिसेंबरला उपयोग नाही.

सोयाबीन सगळ्यात भारी यात वाद नाही, दाण्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास प्रोटीन, वर वीसेक टक्के तेल, आणि शेंगा बर्फाच्या वर उभ्या राहतात. पण मे महिन्यात पेरावं लागतं आणि अर्ध्या एकरात, म्हणजे आपल्या वीस गुंठ्यांत, हरणं ते जुलैतच साफ करतात, शेंग दिसतच नाही. तीन-चार एकर पाहिजेत नाहीतर करंटचं कुंपण. त्यापेक्षा शेजारचा शेतकरी ओळखीचा असेल तर कापणीच्या वेळी बांधाकडच्या चार ओळी उभ्या ठेवायला सांगा आणि पैसे द्या, पेरणीपेक्षा स्वस्त पडतं. मक्याचं मी बोलत नाही, खत फार खातो आणि निम्मा रकून नावाचे रानटी प्राणी नेतात.

मी स्वतः काय करतो, तर ऑगस्टमध्ये सलगम, आणि जिथे विरळ उगवलंय तिथे सप्टेंबरमध्ये वरून राय फोकतो. माती टेस्ट करून चुना टाकायचा असेल तर वसंतातच टाका, त्याला काम करायला महिने लागतात. मक्याचे ढीग टाकून हरणं बोलावण्यावर रोगामुळे काही राज्यांत बंदी आहे, पेरलेलं उभं पीक साधारण त्यात धरत नाहीत, तरी आपल्या राज्याचा नियम वाचूनच घ्या.

आणि ज्या वर्षी पांढऱ्या ओकच्या झाडांना फळं जोरात लागतात त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये प्लॉट ओस दिसेल, सगळी हरणं ओकखाली असतात, घाबरून नांगर घालू नका.