उद्यमबागेत स्टर्नड्राइव्हची पावसाळी निगा : एका वर्कशॉपचा अनुभव

बेळगावच्या उद्यमबागेत, तिसऱ्या रेल्वे गेटापासून फार लांब नाही अशा ठिकाणी, एक जुने वर्कशॉप आहे. वर्षभर तेथे हायड्रॉलिक सिलिंडर आणि जेसीबी-ट्रॅक्टरच्या पंपांची दुरुस्ती चालते. मे महिन्यात मात्र गोव्याहून ट्रेलरवर आलेली एखादी बोट आवारात उभी दिसते. आम्ही आमच्या बोटीचा स्टर्नड्राइव्ह पावसाळ्याआधी याच ठिकाणी देतो. कामाची तारीफ करण्याबरोबरच काही दोषही सांगायचे असल्यामुळे वर्कशॉपचे नाव येथे देत नाही. त्या भागात बोटीचे काम करणारे मेस्त्री कुठे, असे विचारले तर कोणीही दाखवील.

बोट माझी आणि माझ्या मामेभावाची, भागीदारीतली. लांबी १८ फूट, आत मर्क्रुझरचे ३ लिटरचे चार सिलिंडरचे कार्ब्युरेटरवाले इंजिन आणि मागे अल्फा वन ड्राइव्ह. पावसाळा सोडून उरलेले वर्ष ती मांडवीत असते आणि पाऊस लागण्याआधी चोर्ला घाटाने, कणकुंबी-जांबोटीवरून वर येते. ज्यांना हा प्रकार परिचयाचा नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगायचे तर स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या आत असते, गिअर आणि पंखा मागच्या भिंतीच्या बाहेर पाण्यात असतात, आणि या दोहोंना जोडणारा सांधेदार शाफ्ट त्या भिंतीला पाडलेल्या मोठ्या छिद्रातून जातो. व्होल्वो पेंटाने १९५९ मध्ये ही रचना बाजारात आणली आणि दोनच वर्षांत मर्क्रुझरचा ड्राइव्ह आला. पण ते छिद्र अजूनही आहे, आणि त्यावर चढवलेल्या घड्यांच्या रबरी नळीवर, म्हणजे बेलोजवरच, बोट तरंगायची की बुडायची हे अवलंबून आहे.

कंपनीच्या पुस्तिकेत साठवणीचे जे प्रकरण आहे ते बर्फाच्या देशांसाठी लिहिलेले आहे. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी फुगते आणि इंजिनच्या ब्लॉकला तडा देते, म्हणून तिकडे सगळे पाणी काढून प्रॉपिलीन ग्लायकॉलचे गुलाबी द्रावण भरण्यावर भर असतो. बेळगावची थंडी बोचरी असली तरी ब्लॉक फोडण्याइतकी ती कधीच पडत नाही. आपले वैर आहे ते जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या दमट हवेशी आणि इंजिनच्या पोटात राहिलेल्या मिठाशी. पूर्वी किनाऱ्यावरील एका ठिकाणी बोट दिली असता त्यांनी पुस्तिकेबरहुकूम गुलाबी द्रावण भरले, त्याचे वेगळे पैसे लावले, आणि त्याआधी गोड्या पाण्याने ब्लॉक धुण्याचे काम दोन मिनिटांत उरकले. त्या द्रावणात गंजरोधक असते हे मान्य. पण मीठ आत ठेवून वरून औषध ओतण्यात काय अर्थ आहे? उद्यमबागेतील मेस्त्रींची मला पटलेली पहिली गोष्ट हीच, की त्यांनी पुस्तिका वाचली आहे आणि तिच्यातील कोणते पान आपल्या हवेसाठी नाही हेही त्यांना कळते.

त्यांची धुण्याची रीत सांगण्यासारखी आहे. ड्राइव्हच्या दोन्ही बाजूंच्या पाणी ओढणाऱ्या जाळ्यांवर रबरी मफ (नळाला जोडलेल्या वाट्या) बसवून आधी नळ सोडायचा, मगच इंजिन सुरू करायचे. कारण अल्फा ड्राइव्हमध्ये पाण्याचा पंप खाली ड्राइव्हातच असतो आणि त्याचा रबरी इंपेलर (पाणी ढकलणारे पात्यांचे चाक) कोरडा फिरला तर काही क्षणांतच खराब होऊ शकतो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट (तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) बंद असतो आणि नळाचे बरेचसे पाणी ब्लॉकमध्ये न फिरताच एक्झॉस्टमधून बाहेर जाते. म्हणून मेस्त्री तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवतात, थर्मोस्टॅटच्या टोपणाला हात लावून ते तापल्याची खात्री करतात आणि त्यानंतर बराच वेळ पाणी चालू ठेवतात. नंतर ब्लॉक आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे ड्रेन प्लग काढतात. आमच्या ब्लॉकचा प्लग काढला तेव्हा थेंबभरही पाणी आले नाही. घाईतला माणूस ब्लॉक रिकामा झाला असे समजून पुढे गेला असता. मेस्त्रींनी छिद्रात जाड तार घालून फिरवली, आधी गंजाच्या तांबड्या खपल्या पडल्या आणि मग भळभळा पाणी वाहिले.

गिअर ऑइल काढण्याची त्यांची पद्धत तर मुद्दाम उभे राहून पाहावी अशी आहे. बोट आदल्या संध्याकाळी आणून, ड्राइव्ह पूर्ण खाली करून उभी ठेवायला सांगतात, म्हणजे तेलात पाणी असेल तर ते रात्रीत तळाशी बसते. सकाळी खालचा स्क्रू पूर्ण न काढता पाव फेरा सैल करतात आणि पहिले थेंब पांढऱ्या एनॅमलच्या थाळीत धरतात. पाणी शिरले असेल तर ते या थेंबांतच दिसते. एकदम स्क्रू काढून डब्यात तेल सोडले की ती खूण मिसळून जाते. थाळी माझ्यापुढे धरून ते म्हणाले, “हे बघा की, कडेला दुधाळ झालंय. सील गेलंय असं आत्ताच म्हणत नाही वो, पण पंखा काढून बघूया.” पंखा काढल्यावर शाफ्टभोवती मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा घट्ट वेटोळा निघाला आणि त्याने सीलच्या ओठाला बारीक चीर पाडलेली होती. चुंबकी स्क्रूवर मात्र काळा मऊ लेप तेवढा होता. बोटाला टोचेल असा कण नव्हता, म्हणजे गिअर शाबूत होते. सील बदलून, ड्राइव्हात हवेचा दाब भरून गेज हलत नाही हे दाखवल्यावरच त्यांनी नवे तेल भरले. तेल खालच्या छिद्रातून वर चढवतात, वरच्या छिद्रातून बुडबुड्यांशिवाय सलग धार येऊ लागली की आधी ते बंद करतात आणि इंजिनजवळची तेलाची बाटली खुणेपर्यंत भरल्यावर शेवटी खालचे. दोन्ही स्क्रूंचे वॉशर नवे टाकतात. हायड्रॉलिकच्या कामात ज्यांचे आयुष्य गेले त्यांना सीलचे मोल वेगळे सांगावे लागत नाही, हे येथे पदोपदी जाणवते.

त्यानंतर ते ड्राइव्ह उतरवतात. पुष्कळ ठिकाणी हे काम टाळले जाते, आणि बाहेरून ग्रीस मारून “सर्व्हिस झाली” म्हणून सांगितले जाते. अल्फाचा ड्राइव्ह सहा नटांवर असतो आणि उतरवण्याआधी तो फॉरवर्ड गिअरमध्ये टाकावा लागतो. हे त्यांना सांगावे लागले नाही. ड्राइव्ह बाजूला झाला की बेलोजच्या घड्या आतून दिसतात. मेस्त्री प्रत्येक घडी बोटांनी उघडून विजेरीच्या उजेडात पाहतात, कारण चीर पडते ती घडीच्या तळाशी, बाहेरून न दिसणारी. शाफ्टला आधार देणारे गिंबल बेअरिंग बोटाने फिरवून त्यांनी माझाही हात तेथे लावला. वाळू असल्याची खरखर नव्हती, म्हणून बदलायचे नाही असे त्यांनीच सांगितले. इंजिन ड्राइव्हशी सरळ रेषेत आहे का हे तपासण्याचा लांब बार दोन बोटांच्या जोराने आत-बाहेर सरकेपर्यंत ते इंजिनचे पुढचे माउंट (आधार) वर-खाली करत राहतात. शाफ्टच्या सांध्याला (युनिव्हर्सल जॉइंट) व दातेरी टोकाला (स्प्लाइन) ग्रीस भरून ड्राइव्ह परत चढवतात आणि पूर्ण खाली ठेवूनच बोट देतात. वर उचललेल्या अवस्थेत महिनोन्‌महिने राहिला तर बेलोज ताणलेले राहतात आणि ड्राइव्हात अडकलेले पाणीही निघून जात नाही.

पेट्रोलच्या बाबतीत त्यांचा सल्ला आमच्या जिल्ह्याला जरा झोंबणारा आहे. ऊस आणि इथेनॉल यांवर बेळगाव जिल्ह्याचा मोठा भाग जगतो. पण २०२५ पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि मर्क्रुझर बनवणारी मर्क्युरी कंपनी आपल्या इंजिनांसाठी १० टक्क्यांपर्यंतच मान्यता देते. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते, आणि ती ठरावीक मर्यादेपुढे गेली की पाणी व इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर धरतात. टाकी काठोकाठ भरून ठेवावी हा जुना सल्ला येथे ते देत नाहीत. टाकी शक्य तितकी रिकामी करून, उरलेल्यात पेट्रोल टिकवणारे स्टॅबिलायझर घालून, ते पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोचेल इतका वेळ इंजिन चालवतात, पाणी वेगळे करणारा फिल्टर बदलतात आणि शेवटी चालत्या इंजिनच्या कार्ब्युरेटरमध्ये आतला गंज रोखणारे फॉगिंग ऑइल फवारून धुराच्या लोटात ते बंद करतात. इंजिन ऑइलही साठवणीआधीच बदलतात, कारण वापरलेल्या तेलातील आम्ल चार महिने बेअरिंगवर बसून राहू नये. हे सर्व यथास्थित झाले. अॅनोडही (ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) तपासले, खाऱ्या आणि गोड्या अशा दोन्ही पाण्यांत फिरणाऱ्या बोटीला अॅल्युमिनियमचे बरे, म्हणून तेच पुन्हा बसवले.

आता दोष. या मंडळींना ड्राइव्ह कळतो, बोट कळत नाही. काम झाल्यावर बोट काही आठवडे त्यांच्याच आवारात ठेवली असता त्यांनी तिच्यावर ताडपत्री इतकी आवळून बांधली की आत हवेला जागाच उरली नाही, आणि पहिल्याच मोठ्या पावसानंतर आसनांवर बुरशीचे हिरवे ठिपके उमटले. बोटीचे नाक उंच करून तळाचा निचरा प्लग काढून ठेवायला हवा होता. त्यांनी ट्रेलर सपाट ठेवला आणि प्लग जागेवरच ठेवला, त्यामुळे ताडपत्रीच्या कडेने झिरपलेले पाणी तळात साचले. बॅटरीही बोटीतच राहिली. इंजिनच्या आतल्या ओलीचा एवढा बारकाईने विचार करणाऱ्यांना बोटीच्या आतली ओल सुचू नये, याचे आश्चर्य वाटते. दुसरे असे की केलेल्या कामाचा लेखी अहवाल मिळत नाही. जॉब कार्ड कन्नड-इंग्रजीत छापलेले आहे, त्यावर पेन्सिलने मराठीत दोन ओळी खरडलेल्या असतात आणि कोणता सील बदलला, किती तेल भरले हे आपणच विचारून वहीत उतरून घ्यावे लागते. सुटे भाग मुंबईहून किंवा गोव्याहून मागवावे लागतात. बेलोजचा संच लागणार असेल तर एप्रिलमध्येच सांगून ठेवलेले बरे, नाहीतर बोट घाटाच्या वर आणि भाग घाटाखाली असताना पाऊस सुरू होतो.

बिल ३०,००० रुपयांच्या घरात गेले, त्यात निम्म्याहून अधिक रक्कम सुट्या भागांची आणि तेलांची होती. बदललेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत दिला गेला, आणि गिंबल बेअरिंगसाठी आधी अंदाजात धरलेली रक्कम न सांगता वजा केलेली आढळली. मजुरी गोव्याच्या मानाने कमी आहेच, पण केवळ स्वस्त म्हणून घाट चढून येण्यात अर्थ नाही. डिझेल आणि ट्रेलरचे भाडे धरले तर फरक फारसा उरत नाही. ड्राइव्ह खरोखर उतरवून पाहणारा माणूस हवा असेल तर मात्र यावे. इंजेक्शनच्या नव्या इंजिनांसाठी लागणारा कंपनीचा संगणकी तपासणी संच त्यांच्याकडे नाही, तेव्हा तशी बोट असणाऱ्यांनी इंजिनचे काम दुसरीकडे करून फक्त ड्राइव्ह येथे द्यावा.

काम संपल्याच्या दिवशीच बोट तेथून हलवावी. आमची आता येळ्ळूरला घराच्या शेडमध्ये असते. तेथे ओल कमी, पण शेजारीच भाताची पोती असल्यामुळे उंदीर पुष्कळ, आणि कुरतडायला त्यांना बेलोजचे रबरही चालते. त्यासाठी ड्राइव्हच्या वरच्या भागाला बारीक तारेची जाळी गुंडाळली आहे. ही जाळीही त्याच वर्कशॉपने मापाने वळवून दिली, आणि तिचे पैसे बिलात लावले नाहीत.