शाखा जोडायला शिकायचंय? आधी पॅकेट ट्रेसर घ्या

पतसंस्था आणि छोट्या कारखानदारांच्या शाखा मुख्य कार्यालयाला जोडून देणं हे माझं काम. सांगली, तासगाव, विटा हा माझा पट्टा. हाताखाली नवीन मुलंमुली येतात, त्यांना स्विच लावता येतो, व्हीलॅन (एकाच स्विचवर वेगवेगळी नेटवर्क) करता येतं. मध्ये इंटरनेट आलं की मात्र हात थबकतो. ऑफिसातली केबल बोट लावून दाखवता येते, दोन गावांमधला टनेल, म्हणजे इंटरनेटमधून काढलेला कुलूपबंद खाजगी रस्ता, दाखवायचा कसा? त्यासाठी मी त्यांना सिस्कोचं पॅकेट ट्रेसर देते. पडद्यावर नकली नेटवर्क बांधून बघायचं हे सॉफ्टवेअर आहे, आणि इतक्या वर्षांच्या वापरानंतर याच्याइतकं चांगलं पहिलं साधन मला दुसरं माहीत नाही.

सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीच्या संकेतस्थळावर खातं काढलं की ते फुकट मिळतं. विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर चालतं आणि साध्या लॅपटॉपलाही झेपतं. जीएनएस३ हे असंच दुसरं सॉफ्टवेअर जास्त ताकदीचं आहे, पण त्यात राऊटरची खरी इमेज, म्हणजे त्याचं मूळ सॉफ्टवेअर, लागते, आणि ती रीतसर मिळवणं विद्यार्थ्याच्या आवाक्यातलं नसतं.

माझा धडा असा. डावीकडे मुख्य कार्यालय, १९२.१६८.१०.०. उजवीकडे विट्याची शाखा, १९२.१६८.२०.०. दोन्हीकडे सिस्कोचे २९११ राऊटर. मध्ये एक राऊटर, तो म्हणजे इंटरनेट. या मधल्या राऊटरला आतल्या खाजगी पत्त्यांचा एकही रूट (वाट) द्यायचा नाही, ही माझी अट. खऱ्या इंटरनेटलाही ते पत्ते ठाऊक नसतातच. रूट दिला तर टनेल न बांधताच पिंग (पलीकडे पोचतं का ते बघायचं चाचणीचं पॅकेट) जातो आणि पोरं खूश होतात, शिकत काही नाहीत.

२९११ वर क्रिप्टोच्या, म्हणजे टनेल एन्क्रिप्ट करायच्या, कमांड आधी चालतच नाहीत. सिक्युरिटी के९ हे पॅकेज चालू करायचं, सेव्ह करायचं, राऊटर रीलोड करायचा, मग पुढे. पॉलिसी (बोलणीचे नियम), प्री-शेअर्ड की (दोन्हीकडचा एकच पासवर्ड), ट्रान्सफॉर्म सेट (एन्क्रिप्शनची पद्धत), अ‍ॅक्सेस लिस्ट, क्रिप्टो मॅप (हे सगळं एकत्र बांधून बाहेरच्या पोर्टला लावणं). कोणती वाहतूक टनेलमधून जाणार ते अ‍ॅक्सेस लिस्ट ठरवते, म्हणून दोन्ही टोकांच्या अ‍ॅक्सेस लिस्ट एकमेकींच्या बरोबर उलट हव्यात: इकडचा सोर्स तो तिकडचा डेस्टिनेशन. नंतर पिंग मारला की पहिले एकदोन जातात वाया. घाबरायचं कारण नाही. टनेल उभा राहतो तोच मुळी त्या पहिल्या पॅकेटमुळे, आणि दोन्ही राऊटरांची बोलणी होईपर्यंत ते थांबत नाही.

आता सिम्युलेशन मोड. या एका सोयीसाठी मी हे सॉफ्टवेअर कुणालाही सुचवेन. घड्याळ थांबतं, पॅकेटचं पाकीट एकेक पाऊल पुढे सरकतं. शाखेच्या राऊटरवर ते पोचलं की त्यावर क्लिक करा. आत येताना पत्ता १९२.१६८.२० चा. बाहेर पडताना त्याच पॅकेटवर ईएसपीचं, म्हणजे आयपीसेक या टनेलच्या पद्धतीतलं एन्क्रिप्टेड आवरण, आणि वर नवा पत्ता, दोन राऊटरांच्या पब्लिक आयपींचा. मधल्या राऊटरला दिसतं ते एवढंच. मुख्य कार्यालयात पोचलं की आवरण उतरतं. मी फळ्यावर हे कितीदा काढलं असेल, पण पडद्यावर स्वतःच्या हातानं पाकीट उघडून पाहिल्यावर मुलांचा चेहरा बदलतो.

नॅटचा, म्हणजे आतला खाजगी पत्ता पब्लिक पत्त्यात बदलण्याचा, घोळही इथेच समजतो. शाखेत इंटरनेटसाठी नॅट असतंच, आणि बाहेर जाणाऱ्या पॅकेटवर नॅट आधी होतं, क्रिप्टो नंतर. मग मुख्य कार्यालयाकडे निघालेल्या पॅकेटचा पत्ता बदलतो, अ‍ॅक्सेस लिस्टशी जुळत नाही, आणि ते उघडंच बाहेर पडतं. शाखा ते मुख्य कार्यालय ही वाहतूक नॅटमधून वगळावी लागते. शो क्रिप्टो आयपीसेक एसए या कमांडमध्ये एन्कॅप्सचा (टनेलमध्ये घातलेल्या पॅकेटांचा) आकडा वाढतोय आणि डीकॅप्स (टनेलमधून काढलेल्यांचा) शून्यावर अडलाय असं दिसलं, तर आपलं टोक पाठवतंय आणि पलीकडून परत काही येत नाही. मग पलीकडचा रूट, नॅट, अ‍ॅक्सेस लिस्ट बघायची. साइटवर मी आजही सुरुवात याच दोन आकड्यांपासून करते.

घरून काम करणाऱ्यांसाठीही बरंच आहे. क्लाउड या उपकरणात डीएसएल लावता येतं, पीसीच्या डेस्कटॉपवर पीपीपीओई डायलर (नाव-पासवर्डनं ब्रॉडबँड लावणारा) आणि व्हीपीएन क्लायंट (पीसीवरून ऑफिसपर्यंत टनेल बांधणारा) दोन्ही मिळतात. ग्रुप, की, नाव, पासवर्ड भरला की पीसीला ऑफिसचा पत्ता मिळतो. एक प्रयोग जरूर करा: घर आणि ऑफिस दोन्हीकडे १९२.१६८.१.० ठेवा. कनेक्शन लागतं, पण ऑफिसचा सर्व्हर काही सापडत नाही, कारण पीसी त्याला घरातच शोधत बसतो. घरच्या बऱ्याच राऊटरांवर हाच पट्टा आधीपासून असतो, म्हणून मी नव्या ऑफिसला तो कधीच देत नाही.

आता उणिवा. सगळा अभ्यास आयकेव्ही१ वर, म्हणजे राऊटरांच्या बोलणीच्या जुन्या पद्धतीवर; नवी आयकेव्ही२ नाही, वायरगार्ड ही टनेलची दुसरी नवी पद्धत तर नाहीच. सिस्कोच्या कमांडही निवडकच. मला जास्त खटकतं ते वेगळं: इथे प्रत्येक शाखेला हवा तो पब्लिक आयपी देता येतो. आपल्याकडे तालुक्याच्या गावात ब्रॉडबँड घेतलं किंवा मोबाइलचं डोंगल लावलं, तर राऊटरला अनेकदा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला पत्ता येतो, म्हणजे कंपनीच्या सामायिक नॅटमागचा. बाहेरून तिथे पोचता येत नाही. अशा वेळी मुख्य कार्यालयाला स्टॅटिक आयपी घ्यायचा आणि टनेल नेहमी शाखेकडून सुरू करायचा. नॅटमागून आयपीसेकला यूडीपी ४५०० हा पोर्ट लागतो, कारण ईएसपीला पोर्टच नसतात. पॅकेट ट्रेसरवर भागवून थेट साइटवर जाऊ नका. मध्ये मिक्रोटिक कंपनीचे दोन छोटे राऊटर घ्या, एक घरच्या लाइनवर लावा, दुसरा मोबाइलच्या हॉटस्पॉटमागे, आणि त्यांच्या राऊटरओएस ७ या प्रणालीतल्या वायरगार्डनं ते जोडून बघा.

शिकवणाऱ्यांसाठी एक: अ‍ॅक्टिव्हिटी विझार्डमध्ये अर्धवट नेटवर्क आणि त्याचं उत्तर भरून ठेवलं की विद्यार्थ्याला काम किती टक्के झालं ते दिसत राहतं. वर्गात सगळ्यांकडे एकच व्हर्जन ठेवा, नव्यात सेव्ह केलेली फाइल जुन्यात उघडत नाही.