व्हाइट लाइट/व्हाइट हीट: खरखर बँडची की सुईची?

द व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन रॉक बँडची ही दुसरी रेकॉर्ड, १९६८ ची. ध्वनिमुद्रणातच इतका चरचराट आहे की ऐकणारा उगाच सुईला दोष देतो, नाहीतर सुई झिजलेली असूनही बँडला. निवाडा पहिल्याच बाजूवर लावून घ्यावा.

या बाजूचं शेवटचं गाणं 'हिअर शी कम्स नाउ' जेमतेम दोन मिनिटांचं, हळुवार. इथे गायक लू रीडचा 'स' फिसकारला तर चूक आपली: सुईचं टोक झिजलंय, कार्ट्रिज (सुई बसवलेली डबी) तिरकं बसलंय किंवा सुईवरचा भार कमी पडतोय. बहुतेक लंबगोल टोकांना २ ग्रॅमच्या आसपास लागतो. भार कमी ठेवला म्हणून रेकॉर्ड वाचत नाही, उलट सुई उडून खाच खरवडते. 'द गिफ्ट'च्या स्टिरिओ प्रतीत डावीकडे बँडमधलाच जॉन केल गोष्ट वाचतो, उजवीकडे बँड वाजतो. स्वतःलाच खोक्यात बंद करून प्रेयसीला पार्सल होणाऱ्या पोराची गोष्ट, शेवट भयंकर! ती उजवीकडून आली तर कार्ट्रिजच्या वायरी उलट लागल्यात. पांढरी-निळी डावी, लाल-हिरवी उजवी. 'लेडी गोडायव्हाज ऑपरेशन'मध्ये रीड केलच्या ओळीत मध्येच मोठ्याने घुसतो, तो मात्र छपाईचा दोष नव्हे.

दुसऱ्या बाजूचं शेवटचं 'सिस्टर रे' साडेसतरा मिनिटं, एका दमात मुद्रित केलेलं, बास गिटारशिवाय. नशा, खलाशी, देहव्यवहार, सगळं उघडं. ओटीवर माणसं बसलेली असताना लावू नये. कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंमी खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २०. नेमका शेवटचा गदारोळ त्या आखूड जागेत कोंबलाय. साध्या गोल टोकाने तिथे नुसता चिखल ऐकू येतो. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह (साध्या, स्वस्तातल्या) इन्व्हर्टरवर वाजवलीत तर भरीला गुणगुण, तीही बँडच्या नावावर खपते.

काळ्या कव्हरवर काळीच गोंदलेली कवटी, तिरक्या उजेडातच दिसणारी. रत्नागिरी-मालवणकडच्या हवेत बुरशीचा पांढरा ठिपका मात्र लांबून दिसतो. जुलैत पुठ्ठा पापडासारखा सादळतो, म्हणून आतलं पाकीट कागदी नको, प्लास्टिकचं अस्तर असलेलं घ्या. रेकॉर्ड उभी ठेवा, जांभ्याच्या भिंतीला टेकवून नको. बुरशी खाचेत गेलीच तर तीन भाग डिस्टिल्ड वॉटर, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल; मऊ कापड खाचेच्या दिशेनेच फिरवा, लेबल कोरडं राखा. विहिरीचं पाणी नको, क्षार खाचेत बसतात. आणि तोच बोळा शेजारच्या नाट्यसंगीताच्या ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीवर फिरवू नका. ती लाखेची, अल्कोहोलने खराब होते.