डेडवुड की क्रिपल क्रीक?

सोन्यापायी वसलेलं आणि आता कसिनोवर जगणारं जुनं गाव बघायचंय, तर डेन्व्हरहून दोन पर्याय आहेत. कोलोरॅडोतलं क्रिपल क्रीक दोन-अडीच तासांवर, साउथ डकोटातलं डेडवुड सहा तासांवर. हाताशी एकच दिवस असेल तर प्रश्न मिटला, क्रिपल क्रीक. दोन-तीन दिवस असतील तर मी डेडवुडच सांगेन.

डेडवुडला गोष्ट आहे, आणि ती दुखरी आहे. १८६८च्या तहाने ब्लॅक हिल्स, म्हणजे डेडवुडभोवतीचे डोंगर, इथल्या मूळनिवासी लाकोटांच्या होत्या. सोन्याची बातमी फुटली आणि १८७६मध्ये तह धाब्यावर बसवून गाव उभं राहिलं. १९८०मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने या डोंगरांच्या भरपाईवर शिक्कामोर्तब केलं. लाकोटांनी ते पैसे अजून घेतलेले नाहीत, त्यांना डोंगर परत हवेत. हे ठाऊक असलं की मेन स्ट्रीट वेगळाच दिसतो. त्याच १८७६च्या ऑगस्टमध्ये वाइल्ड बिल हिकॉक या नामांकित बंदूकबाजाला इथेच पत्ते खेळताना मागून गोळी घातली. हातात एक्के आणि अठ्ठे होते म्हणतात. माउंट मोराया या टेकडीवरच्या दफनभूमीचा चढ चढून गेलात की त्याची कबर दिसते, शेजारी त्याच काळातल्या प्रसिद्ध कॅलॅमिटी जेन या बाईची.

१९८९मध्ये इथे जुगार कायदेशीर झाला. त्याच्या करातून जुन्या इमारती दुरुस्त होतात, म्हणून गाव टिकलं. शेजारच्या लीड गावातली होमस्टेक ही सोन्याची खाण चुकवू नका. ती २००२मध्ये बंद झाली. आता जमिनीखाली जवळजवळ दीड किलोमीटरवर तिथे भौतिकशास्त्राचे प्रयोग चालतात. शास्त्रज्ञ रे डेव्हिस यांनी सूर्यावरून येणारे न्यूट्रिनो नावाचे अतिसूक्ष्म कण मोजले ते याच खाणीत, आणि त्यांना नोबेल मिळालं.

क्रिपल क्रीकला सोनं सापडलं १८९०मध्ये. १८९६च्या एप्रिलमध्ये दोन आगींत गाव जळलं, म्हणून आज दिसतात त्या विटांच्या इमारती. कसिनो १९९१पासून. इथली खरी मजा दोन: शेजारी व्हिक्टरजवळ सोन्याची खाण अजून चालू आहे, आणि उन्हाळ्यात गाढवं गावात मोकळी हिंडतात. खाणीत राबणाऱ्या गाढवांचे हे वंशज, असं गावकरी सांगतात. रस्त्यात मधोमध उभी राहतात, गाड्या थांबतात.

भारतातून आलेले आईबाबा बरोबर असतील तर उंचीचा विचार आधी करा. क्रिपल क्रीक सुमारे ९,५०० फुटांवर, कळसूबाईच्या पावणेदोन पट; चार पावलांत धाप लागते. डेडवुड साधारण महाबळेश्वरइतकं. फक्त ऑगस्टचा पहिला पंधरवडा टाळा: जवळच्या स्टर्जिसला मोटरसायकलींचा मेळा भरतो, खोल्या मिळत नाहीत.