झीन छापायचं: झेरॉक्स की रिसो?

झीनचा, म्हणजे स्वतःच लिहून-छापून वाटायच्या छोट्या अंकाचा, चोवीस पानांचा मजकूर तयार आहे, आकार ए-५, म्हणजे ए-४ कागद मधोमध दुमडून होणारा. दोन बॅंडच्या मुलाखती, गिगचे, म्हणजे बॅंडच्या कार्यक्रमांचे फोटो, हाताने लिहिलेलं संपादकीय. आता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जायचं की रिसो (स्टेन्सिलमधून शाई उतरवून छापणारं डुप्लिकेटर) असलेल्या स्टुडिओला फाइल पाठवायची, इथे बहुतेकांचं घोडं अडतं.

पंक संगीताचं झीन म्हटलं की आज डोळ्यांसमोर येतो गुलाबी-निळ्या शाईचा, किंचित हललेला छाप. तो रिसोचा. जुन्या पंक झीनांशी त्याचा संबंध नाही. बॅंकेत कारकुनी करणाऱ्या मार्क पेरीने जुलै १९७६ मध्ये लंडनमध्ये ‘स्निफिन ग्लू’चा पहिला अंक काढला तो टाइपरायटर आणि जाड मार्कर वापरून, खाडाखोड तशीच ठेवून. फोटोकॉपी, आणि प्रती सुमारे ५०. पुढे १९८२ ते २०१९ सॅन फ्रान्सिस्को परिसरातून छापील निघालेलं ‘मॅक्सिमम रॉकनरोल’ हे पंक झीन हजारोंनी जायचं, म्हणून ते न्यूजप्रिंटवर. वाचून झालं की बोटं काळी. दोघांनीही ‘लुक’ निवडला नव्हता. किती प्रती हव्यात आणि हाताशी काय आहे, एवढंच बघितलं होतं. आपणही तिथूनच सुरू करावं.

हिशेब सोपा आहे. २४ पानं म्हणजे ए-४चे ६ कागद, १२ बाजू. झेरॉक्सला प्रत्येक बाजूचा दर सारखाच, पहिली प्रत असो वा शंभरावी. रिसोत प्रत्येक बाजूसाठी आधी एक मास्टर, म्हणजे छपाईचा स्टेन्सिल, जाळून बनवावा लागतो आणि खर्च तिथेच होतो; पुढच्या प्रती स्वस्त. समजा मास्टरचे ६० रुपये आणि नंतर बाजूला ५० पैसे, झेरॉक्सचा दर दीड रुपया. फरक १ रुपयाचा, म्हणजे ६० प्रतींना दोन्ही बरोबरीत. त्याखाली झेरॉक्स, त्यावर रिसो. तुमच्या गावातले दर घालून हीच वजाबाकी-भागाकार करा. मात्र दुसरा रंग घेतला की त्या बाजूचा आणखी एक मास्टर लागतो, कागद मशीनमधून आणखी एकदा जातो, आणि बरोबरीचा आकडा दुपटीच्याही वर सरकतो. सगळ्या अंकाला दोन रंग हवेत हा हट्ट बहुतेकदा मुखपृष्ठापुरता ठेवला तरी पुरतो.

पाचशेच्या वर प्रती असतील तर ऑफसेटवाल्याला दर विचारा. पण पाचशे वाचक आधी मोजून घ्या.

आता मुद्द्याची गोष्ट. झेरॉक्सचा टोनर ही प्लॅस्टिकची भुकटी. ती उष्णतेने कागदावर चिकटते. रिसोची शाई कागदात मुरते आणि मुरून वाळते. दोन्हींचे बहुतेक गुणदोष यातूनच निघतात.

टोनर वर बसलेला असतो, म्हणून मुखपृष्ठ पूर्ण काळं केलंत तर दुमडीवर त्याचे पोपडे निघतात आणि कण्यावर पांढरी रेघ उमटते. दुमडीच्या दोन्ही बाजूंना ३-४ मिलिमीटर कोरी पट्टी ठेवली की प्रश्न मिटतो. रिसोची शाई तडकत नाही, पण पुसली जाते. गच्च काळं रिसो मुखपृष्ठ घामट हातांनी गिगमध्ये फिरलं की शर्टांवर ठसे. शिवाय ओली शाई जास्त असली तर कागद शाईच्या ड्रमला चिकटून आत गुंडाळला जातो. म्हणून रिसोत मोठा भाग भरायचा तर सॉलिड, म्हणजे पूर्ण गच्च, न ठेवता ७०-७५ टक्के टिंट (थोडी फिकट छटा) द्यावी. आणि आर्ट पेपर, ग्लॉसी कागद मुळीच नको. त्यात शाई मुरायला जागा नसते, ती वाळतच नाही. बिनलेपाचा ८० ते १०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप) कागद घ्या. पाठपोट छापताना पहिली बाजू रात्रभर वाळू द्या, नाहीतर दुसरीकडे रोलरचे पट्टे उमटतात.

पावसाळ्यात दोघांचेही हाल. उघडं पडलेलं रीम ओल धरतं. झेरॉक्समध्ये कागद वळतो आणि अडकतो, रिसोत दोन-दोन कागद एकदम ओढले जातात. रीम छपाईच्या दिवशीच फोडा.

झेरॉक्सच्या चुका बहुतेक मूळ पान चिकटवतानाच होतात. पातळ फेव्हिकोलने कागद सुरकुततो आणि सुरकुतीची सावली प्रतीत येते. ग्लू स्टिक वापरा. कात्रणांच्या कडांची काळी रेघ येते ती व्हाइटनरने मारा किंवा मशीनवर ‘लाइट’ एक घर वाढवा. बाहेरच्या कडेपासून १० मिलिमीटर मोकळे सोडा, कारण मशीन अगदी कडेपर्यंत छापत नाही. फोटो ‘टेक्स्ट’ मोडवर काढला तर चेहऱ्याचा डाग होतो. आधीच ठिपक्यांत, म्हणजे हाफटोनमध्ये बदलून चिकटवा. गिटारचे तीन कॉर्ड दाखवून ‘आता बॅंड काढा’ म्हणणारं ते प्रसिद्ध चित्र (बरेच जण ‘स्निफिन ग्लू’च्या नावावर खपवतात, खरं ते जानेवारी १९७७च्या ‘साइडबर्न्स’मधलं) कॉपीची कॉपी होऊनही टिकलं, कारण त्यात जाड रेघ आणि मोठी अक्षरं सोडून काही नाहीच.

देवनागरीला या बाबतीत रोमनपेक्षा जास्त जपावं लागतं. ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांत फरक आहे तो मुख्यतः शिरोरेषेतल्या एका फटीचा. तिसऱ्या पिढीच्या कॉपीत (कॉपीच्या कॉपीची कॉपी) ती फट टोनरने भरते आणि ‘धर’चं ‘घर’ होतं. अनुस्वार शिरोरेषेला चिकटतो, उकाराचं पोट भरतं. म्हणून मजकूर ११ पॉइंटच्या खाली नको, बोल्ड फक्त मथळ्याला, आणि प्रत्येक प्रत मूळ पानावरूनच काढायची. ‘हीच कॉपी पुढे मारतो’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवायचं. रिसोत हा त्रास कमी, पण तिथे दुसरा: दोन रंग एकमेकांवर बसताना एक-दोन मिलिमीटर सरकतात. चित्रात ते शोभतं, दोन रंगांत विभागलेल्या अक्षरात वाचता येत नाही. मजकूर नेहमी एकाच रंगात ठेवा. फाइल पाठवताना प्रत्येक रंगाचं वेगळं पान, तेही ग्रेस्केलमध्ये.

रिसोचा बडेजाव वाटत असेल तर एक लक्षात घ्या: मास्टर म्हणजे बारीक भोकं पाडलेला स्टेन्सिलच, आणि भोकांतून शाई कागदावर उतरते. दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ यांनी १९५०च्या दशकात काढलेलं ‘शब्द’ हे लघुनियतकालिक सायक्लोस्टाइलवर निघायचं, त्याचंच हे स्वयंचलित भावंड. शाळा आणि क्लासेसच्या प्रश्नपत्रिका याच जातीच्या डुप्लिकेटरवर निघतात. तशी कामं घेणारं दुकान सापडलं तर एका रंगाचा, काळा छाप रिसो स्टुडिओपेक्षा बराच स्वस्त पडू शकतो. गुलाबी किंवा पिवळा कागद तुम्ही न्या, दुसऱ्या रंगाचे पैसे वाचतात.

पानं लावण्याची रीत दोन्हींकडे सारखीच. पानांची संख्या चारच्या पटीत हवी. एका बाजूवर येणाऱ्या दोन पानांची बेरीज नेहमी २५: पहिल्या कागदावर २४ आणि १, त्याच्या पाठीवर २ आणि २३, मग २२ आणि ३, पाठीवर ४ आणि २१, असं करत शेवटी १४ आणि ११, पाठीवर १२ आणि १३. विषम पान कायम उजवीकडे. प्रिंटरवर पाठपोट काढताना ‘शॉर्ट एज’ निवडा, नाहीतर मागची पानं उलटी येतात.

साध्या स्टेपलरचा जबडा कण्यापर्यंत पोचत नाही. लांब हाताचा नसेल तर स्टेपलर उघडा करून, खाली थर्माकोल ठेवून पिन आरपार मारा, कागद अलगद उचला आणि पाय चमच्याच्या पाठीने दाबा. पिन बाहेरून आत. दुमडल्यावर आतले कागद बाहेर डोकावतात. कटरने २-३ मिलिमीटर छाटले की कड सरळ होते, म्हणून बाहेरच्या समासात पान क्रमांक कडेला टेकवू नका.

आमचा कौल: पहिला अंक झेरॉक्सवर, फक्त मुखपृष्ठ हवं तर रंगीत कार्डशीटवर. मजकुरात चुका सापडणारच, आणि झेरॉक्समध्ये दहा प्रती झाल्यावरही एक पान बदलता येतं. कुठल्याही मशीनवर आधी एकच प्रत काढा, दुमडा, पिन मारा आणि मंद उजेडात वाचून बघा. गिगच्या टेबलावर तेवढाच उजेड असतो.

आणि प्रती संपल्या तर काय, हे आधीच विचारून ठेवा. रिसोत पुढचा मास्टर बनला की आधीचा काढून मशीन टाकून देतं. नंतर पंधरा प्रती हव्या झाल्या तर बाराच्या बारा मास्टरचे पैसे पुन्हा. झेरॉक्सची मूळ पानं मात्र पुठ्ठ्यात सपाट ठेवली की कधीही दुकानात नेऊन तेवढ्याच पंधरा काढता येतात.