इंग्लंडच्या यादवीवरची ऑडिओ लेक्चर्स, पावसाळ्यापासून ऐकतेय (लंडनच्या कटासाठी घ्याच)

जूनमध्ये सबस्क्रिप्शन घेतलं तेव्हा वाटलं लोकलमध्ये डुलकी काढायला बरं पडेल. लढायांचे भाग तसेच आहेत खरं तर, एजहिल काय न न्यूबरी काय, कोण कुठून चाल करून आला काही समजत नाही, एक नकाशाची पीडीएफ टाकायला काय जातं यांचं. पण १६४३ च्या लंडनमधल्या कटाचे भाग मी परत परत ऐकलेत, पैसे तिथेच वसूल.

राजा पहिला चार्ल्स ऑक्सफर्डला, राजधानी पार्लमेंटच्या ताब्यात, शहराभोवती मातीचे तट उठतायत, वर कर. अशात एडमंड वॉलर, कवी आणि खासदार, त्यात पार्लमेंटचा हिरो हॅम्पडनचा सख्खा आतेभाऊ, तो बहिणीच्या नवऱ्याला, टॉमकिन्सला, आणि चॅलोनर नावाच्या कापडवाल्याला हाताशी धरून वॉर्डावॉर्डातली यादी करायला लागतो, राजाच्या बाजूचा कोण, विरोधात कोण, कुंपणावर कोण. म्हणजे निवडणुकीआधी आपल्याकडे कार्यकर्ते करतात तेच! लोकांनी कर द्यायचं बंद केलं की पार्लमेंट झक मारत तहाला बसेल असा हिशोब.

दुसरीकडे क्रिस्प हा बडा व्यापारी थेट हत्यारं उचलायच्या गोष्टी करत होता. त्यासाठी राजाचं सहीशिक्क्याचं फर्मान लंडनात आणलं लेडी ऑबिनीने, अंगावरच्या कपड्यांत लपवून. नवरा एजहिलला राजाकडून लढताना गेलेला, आणि बाई आली ती पार्लमेंटचाच परवाना घेऊन! कमाल आहे.

३१ मे, उपास-प्रार्थनेचा दिवस, खासदार सेंट मार्गारेट चर्चमध्ये प्रवचन ऐकतायत आणि पार्लमेंटचा पुढारी पिम, त्याच्या हातात चिठ्ठी येते. टॉमकिन्सच्या नोकरानेच चोरून सगळं ऐकून बातमी दिलेली. हा भाग हेडफोन लावून ऐका.

वक्त्याचं म्हणणं (आणि तो क्लॅरेंडन या त्या काळच्या राजाच्या बाजूच्या इतिहासकाराचंच ऐकतो) की दोन्ही प्रकरणं वेगळी होती, पिमने ती एकत्र शिवून एक भयानक कट म्हणून मांडली आणि त्या जोरावर सगळ्यांकडून निष्ठेची शपथ घेतली. पिमने फायदा उठवला हे कबूल, पण मला पूर्ण नाही पटलं. फर्मान खणून काढलं ते त्याच टॉमकिन्सच्या तळघरातून, मग वेगळं कसं? यावर वक्ता गप्प, एक स्टार तिथे कापला.

वॉलर मात्र असला चालू माणूस! पकडल्यावर भडाभडा सगळ्यांची नावं सांगितली. ५ जुलैला टॉमकिन्सला होबर्नला त्याच्या घराजवळच फाशी, चॅलोनरला कॉर्नहिलवर, आणि हा वर्षभर तुरुंग, दहा हजार पौंड दंड आणि हद्दपारी यावर सुटला. परत येऊन क्रॉमवेलवर, म्हणजे राजाला हरवून सत्तेवर बसलेल्यावर, स्तुतिकाव्य, पुढे दुसरा चार्ल्स गादीवर आल्यावर त्याच्यावरही. राजा म्हणाला म्हणे, क्रॉमवेलवरची कविता जास्त चांगली होती, तर हा म्हणतो आम्हा कवींना खऱ्यापेक्षा कल्पित जास्त जमतं. मुंबईकरांसाठी बोनस, जिच्या लग्नात मुंबई आंदण गेली त्या कॅथरिन राणीच्या चहावरही याने कविता केलीय.

आवाज मध्येच एकदम बारीक होतो, ऑफलाइन डाउनलोड बोगद्यात अडकतं. १.२५ स्पीड ठेवा, वक्ता फार रेंगाळतो.